सीओपीडीच्या बेडक्यातली प्रथिने: नाशिकमधून काम करणाऱ्या पोस्टडॉकसाठी

सीओपीडी म्हणजे श्वासमार्ग अरुंद करणारा फुप्फुसाचा जुनाट आजार; त्याच्या रुग्णांच्या बेडक्यातली, म्हणजे छातीतून खाकरून काढलेल्या कफातली, प्रथिने मोजायची हे इथले काम. पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधकाची, मुदत बहुधा दोन वर्षांची. त्यातले पहिले काही महिने नैतिकता समितीच्या मंजुरीत आणि खरेदीच्या फायलींत जातात, शेवटचे काही लिखाणात. मधल्या काळात जमतील तेवढे नमुने हेच भांडवल. म्हणून कोणते प्रथिन मोजायचे, कशात मोजायचे, आणि ते किती आहे हे हवे की किती काम करते हे हवे, याचा निकाल पहिला रुग्ण दारात यायच्या आधी लागलेला बरा. एकाच बेडक्यातून सगळे मोजता येत नाही. एका मोजणीसाठी टाकलेले रसायन दुसरी मोजणी कायमची बाद करते, आणि हे कळेपर्यंत फ्रीजर भरलेला असतो.

कुपी आधी, रुग्ण नंतर

१९६३ साली स्वीडनमध्ये लॉरेल आणि एरिक्सन यांनी रक्तात अल्फा-१ अँटिट्रिप्सिन नसलेले रुग्ण दाखवून दिले. त्यांतल्या काहींना कमी वयात एम्फिसीमा, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्यांची मोडतोड, झालेला होता. तेव्हापासून या क्षेत्राचा कणा एकच आहे: फुप्फुसाची जाळी तोडणारी प्रथिने एका बाजूला, त्यांना आवरणारी दुसऱ्या बाजूला. तोडणाऱ्यांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींतले इलॅस्टेज, एमएमपी-९ आणि एमएमपी-१२; आवरणाऱ्यांत अल्फा-१ अँटिट्रिप्सिन, एसएलपीआय आणि टिंप-१.

आता अडचण बघा. एलायझा किट (प्रतिपिंडांनी प्रथिन धरून मोजणारे) इलॅस्टेज 'किती आहे' ते सांगते, पण त्यातले बरेचसे अँटिट्रिप्सिनला जखडलेले आणि निकामी असते. प्रतिपिंड त्यालाही धरतात. मोकळे, चावू शकणारे इलॅस्टेज हवे असेल तर त्याची क्रिया मोजावी लागते. त्या कुपीत पीएमएसएफ हे रसायन किंवा प्रोटीएज (प्रथिने तोडणारी प्रथिने) रोखणाऱ्या रसायनांचे मिश्रण, म्हणजे कॉकटेल, पडले की इलॅस्टेज मेले. धातूंचे अणू पकडून ठेवणारे ईडीटीए असलेले कॉकटेल पडले तर एमएमपीही गेले, कारण त्यांना जस्त आणि कॅल्शियम लागते. उलट कॉकटेल न टाकता ठेवलेल्या कुपीत प्रथिने एकमेकांना कुरतडत राहतात.

यावर तोड एकच: प्रत्येक नमुन्याच्या दोन जाती करायच्या. काही कुप्या कॉकटेलसह, 'किती आहे' साठी. काही कॉकटेलविना, क्रियेसाठी, आणि या लगेच गोठवायच्या. झाकणांचे रंग वेगळे ठेवा. फक्त लेबलवर विसंबलात तर सहा महिन्यांनी घोटाळा ठरलेला.

रक्ताच्या बाबतीतही हेच. फायब्रिनोजेन (गुठळी बनवणारे प्रथिन) मोजायचे तर सायट्रेटचा, म्हणजे रक्त साकळू न देता काढलेला, प्लाझ्मा घ्या. सीरममध्ये, म्हणजे साकळल्यावर उरलेल्या द्रवात, ते गुठळीत खर्च झालेले असते. एमएमपी-९ साठी सीरम टाळा, कारण रक्त साकळताना पेशींतून ते बाहेर पडते आणि आकडा फुगतो. सीसी-१६ हे श्वासनलिकांच्या अस्तरातले प्रथिन किडनीवाटे गाळले जाते, म्हणून त्याच्यासोबत क्रिएटिनिन मोजा, नाहीतर किडनीचा बिघाड फुप्फुसाच्या नावावर लागतो. अल्फा-१ अँटिट्रिप्सिन संसर्गात वाढते. त्याच्याबरोबर सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारे प्रथिन) मोजलेले नसेल तर वरकरणी ठीक दिसणाऱ्या आकड्यामागे खरी कमतरता दडून राहू शकते.

कोणाला घ्यायचे, कधी बोलवायचे

सीओपीडीचे निदान स्पायरोमेट्रीशिवाय, म्हणजे मशीनमध्ये फुंकून श्वास मोजल्याशिवाय, मानू नका. श्वासनलिका सैल करणाऱ्या सालब्युटामॉलचे ४०० मायक्रोग्रॅम दिल्यावर पंधरा मिनिटांनी एफईव्ही-१ (पहिल्या सेकंदात जोराने सोडलेली हवा) भागिले एफव्हीसी (जोराने सोडलेली एकूण हवा) ०.७० पेक्षा कमी हवे. मशीन रोज सकाळी तीन लिटरच्या सिरिंजने तपासा. तीन टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तर त्या दिवशी रुग्ण बोलवू नका. फायलीवर 'जुना दमा' लिहिलेल्या रुग्णांत सीओपीडीचे, खऱ्या दम्याचे आणि टीबीनंतर फुप्फुस आखडलेले असे तिन्ही सापडतात.

टीबीचा मुद्दा आपल्याकडे टाळता येत नाही. बेडका काढण्याआधी छातीचा एक्स-रे आणि सीबीनॅट किंवा ट्रूनॅट (टीबीच्या जंतूंचा डीएनए शोधणारी चाचणी) झालेली हवी. कारणे दोन. नेब्युलायझरच्या फवाऱ्याने रुग्ण जोरात खोकतो, आणि जंतू असतील तर खोलीतला प्रत्येक जण ते ओढतो. शिवाय टीबीमध्ये एमएमपी आणि न्यूट्रोफिलची प्रथिने आपोआपच वाढलेली असतात. तो आकडा सीओपीडीचा समजून चालणार नाही. टीबी होऊन गेलेल्यांना घ्यायचेच असेल तर वेगळा गट करा.

प्रश्नावलीत 'धूम्रपान करता का?' एवढ्यावर भागत नाही. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतून येणाऱ्या कित्येक बायकांनी आयुष्यात विडी ओढलेली नसते, पण चुलीपुढे तीस-चाळीस वर्षे गेलेली असतात. चुलीवरचे तास रोज किती आणि वर्षे किती, घराला धुराडे आहे का, गॅस आला तो कधी, आणि तो रोज पेटतो की पाहुणे आले की, हे स्वतंत्र विचारा. सातपूर-अंबडमधल्या कामगाराला वेल्डिंग, फाउंड्री आणि पॉलिशिंगबद्दल विचारा, द्राक्षबागायतदाराला फवारणीबद्दल. मिश्री हा प्रश्न तर वगळूच नका. 'तंबाखू खात नाही' म्हणणाऱ्या बाई सकाळी दात मिश्रीनेच घासून आलेल्या असतात. तंबाखूचा प्रश्न तर राहतोच, पण मिश्रीची काळी पूड बेडक्यात उतरली की रंगावर चालणारी प्रत्येक चाचणी बिघडते. गुटखा, पान, काथ यांचेही तसेच.

मागच्या सहा आठवड्यांत दम उसळून अँटिबायोटिक किंवा स्टिरॉइडच्या गोळ्या लागल्या असतील तर तारीख पुढे ढकला. उसळीतले इलॅस्टेज आणि शांत काळातले इलॅस्टेज एका स्तंभात घातले तर सरासरीला काही अर्थ उरत नाही.

वेळापत्रक शेताकडे बघून लावा. ऑक्टोबरच्या छाटणीत आणि पुढच्या फवारण्यांत निफाड-दिंडोरीचा माणूस दवाखान्यात येत नाही, आणि आलाच तर ताज्या फवारणीचा परिणाम घेऊन येतो. उन्हाळ कांद्याच्या काढणीत हीच गत. हिवाळ्यात निफाडकडची थंडी दम उसळवते, म्हणजे बाह्यरुग्ण विभागात रुग्ण भरपूर पण अभ्यासात बसणारे थोडे. शांत काळातले नमुने पावसाळा ओसरताना आणि थंडी सरल्यावर जास्त मिळतात. तुलनेसाठीचे निरोगी लोकही त्याच महिन्यांत घ्या, नाहीतर रोगाचा फरक आणि ऋतूचा फरक वेगळा काढता येत नाही.

संमतीपत्र मराठीत असणे पुरेसे वाटते, पण सुरगाण्याकडचे अनेक जण घरी कोकणा किंवा वारली बोलतात. त्या बोलीत समजावणारा माणूस आणि वाचता न येणाऱ्यांसाठी निःपक्ष साक्षीदार, दोन्ही हवेत. नमुना पुढच्या अभ्यासासाठी साठवण्याची संमती वेगळ्या चौकटीत घ्या. नमुने परदेशी जाणार असतील किंवा परदेशी सहकारी असेल तर आयसीएमआरमार्फत होणारी एचएमएससीची, म्हणजे आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची, मंजुरी लागते. तिची सुरुवात पहिल्याच महिन्यात करा.

बेडका काढणे

आपोआप येणारा बेडका चालतो, पण सगळ्यांना तो येत नाही. मग मिठाच्या पाण्याचा फवारा. त्याआधी सालब्युटामॉल आणि नंतरचा एफईव्ही-१ नोंदवा. पुढची सगळी तुलना या आकड्याशी. एफईव्ही-१ एक लिटरच्या खाली असेल तर साधे ०.९ टक्क्याचे सलाइनच वापरा. बाकीच्यांना ३, मग ४, मग ५ टक्के, प्रत्येकी सात मिनिटे, मिनिटाला सुमारे एक मिलिलिटर फवारा देणाऱ्या अल्ट्रासॉनिक नेब्युलायझरमधून. साध्या जेट नेब्युलायझरने फवारा कमी पडतो आणि मग 'रुग्णाला बेडकाच येत नाही' असा शेरा पडतो. ४ आणि ५ टक्क्यांचे द्रावण फार्मसीकडून निर्जंतुक करून घ्या. प्रयोगशाळेतल्या बरणीतले मीठ विरघळवून माणसाला देऊ नका.

दर टप्प्यानंतर एफईव्ही-१ पुन्हा मोजा. दहा ते वीस टक्क्यांची घट असेल तर टक्केवारी वाढवू नका. वीस किंवा जास्त घट झाली की तिथेच थांबा, सालब्युटामॉल द्या, आणि आकडा मूळ पातळीला येईपर्यंत रुग्णाला सोडू नका. छातीचे डॉक्टर हाकेच्या अंतरावर हवेत, फोनवर नव्हे.

खोकण्याआधी रुग्णाने नाक शिंकरावे, तीनदा खळखळून चूळ भरावी, घोटभर पाणी प्यावे. सांगताना 'थुंका' म्हणू नका. माणूस लाळच देतो. 'खोल श्वास घ्या, छातीतून खाकरून काढा' असे सांगा आणि एकदा स्वतः करून दाखवा. लाळेसाठी दुसरे भांडे हातात द्या. भांडे बर्फात ठेवून दोन तासांच्या आत टेबलावर आणा.

टेबलावरचे दोन तास

काम दुसऱ्या वर्गाच्या बायोसेफ्टी कॅबिनेटमध्येच. भांड्यातला माल पेट्री डिशमध्ये ओता आणि डिश काळ्या कागदावर ठेवा. लाळ पाण्यासारखी पसरते, वर फेस असतो. छातीतला बेडका गोळ्यांनी येतो: धुरकट पांढरा किंवा पिवळसर, चिमट्याने उचलला की एकसंध उठणारा, मागे तार ओढणारा. फक्त हे गोळे उचला, डिशच्या कोरड्या भागावर दोन-तीनदा घोळवा म्हणजे चिकटलेली लाळ सुटते, आणि आधी वजन केलेल्या नळीत टाका. सगळी मेहनत या दहा मिनिटांवर उभी आहे. घाईत लाळेसकट उचलले तर लाळेतली प्रथिने तुमच्या तक्त्यात फुप्फुसाची म्हणून शिरतील.

वजन करा. समजा ०.५ ग्रॅम भरले. त्यावर आठपट, म्हणजे ४ मिलिलिटर थंड फॉस्फेट बफर सलाइन घाला. पंधरा सेकंद व्होर्टेक्स (यंत्राने जोरात ढवळणे), पंधरा मिनिटे बर्फावर हलवणे, मग ४ अंशांवर ७९० जी ने (गुरुत्वाकर्षणाच्या ७९० पट जोराने) दहा मिनिटे सेंट्रिफ्यूज. वरचे २ मिलिलिटर अलगद काढा. डीटीटी हे बेडका पातळ करणारे रसायन न लागलेली ही निवळी सगळ्यात मौल्यवान. तिला पुन्हा १,५०० जी ने दहा मिनिटे फिरवा, कुप्यांत वाटा, अर्ध्या कुप्यांत कॉकटेल घाला, गोठवा.

नळीत उरलेल्या मालात आता ०.२ टक्क्याचे डीटीटी २ मिलिलिटर घाला, म्हणजे नळीत ते साधारण ०.१ टक्के होईल. पुन्हा पंधरा सेकंद व्होर्टेक्स, पंधरा मिनिटे हलवणे. बेडक्याला चिकट ठेवणारी म्यूसिन प्रथिने, एमयूसी-५एसी आणि एमयूसी-५बी, गंधक-गंधक (डायसल्फाइड) बंधांनी एकमेकांत अडकलेली असतात. डीटीटी ते बंध तोडते आणि पेशी मोकळ्या होतात. ४८ मायक्रॉनच्या नायलॉन जाळीतून गाळा, ७९० जी ने फिरवा, तळाच्या पेशी मोजा. स्लाइडवर चपट्या, तोंडातल्या स्क्वेमस पेशी वीस टक्क्यांच्या आत असतील तर नमुना चांगला. अर्ध्याहून जास्त असतील तर तो विश्लेषणात घेऊ नका, कितीही कष्टाने मिळालेला असो. त्या सोडून ४०० पेशी मोजून न्यूट्रोफिल, इओसिनोफिल आणि मॅक्रोफेज यांचे प्रमाण काढा.

डीटीटी रोज ताजे करा, हवेने ते निकामी होते. आणि ते फक्त म्यूसिनचेच बंध तोडते असे नाही. इलॅस्टेज, एसएलपीआय आणि एलायझाच्या प्लेटवरचे प्रतिपिंडही त्याच बंधांवर उभे असतात. म्हणून मोजणीसाठी शक्यतो पहिली निवळी वापरा.

गणिताची एक चूक छापील लेखांतही सापडते. एक भाग बेडका अधिक आठ भाग बफर म्हणजे नमुना नऊपट पातळ झाला. निवळीत इलॅस्टेज २०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आले तर मूळ बेडक्यात ते १,८०० धरावे लागते. दुसऱ्याच्या आकड्यांशी तुलना करण्याआधी त्यांनी हा गुणाकार केला आहे का ते पाहा.

मोजणी

एकूण प्रथिनासाठी सवयीने बीसीए हे रंगावरून प्रथिन मोजणारे किट उघडले जाते. डीटीटी असलेल्या नमुन्यात ते चालत नाही: बीसीए तांब्याच्या क्षपणावर चालते, आणि डीटीटी स्वतःच तांबे क्षपित करते. प्लेटवरच्या कोऱ्या, प्रथिन नसलेल्या खाचाही जांभळ्या झाल्या तर कारण हेच. तिथे ब्रॅडफर्ड ही दुसरी रंगावर चालणारी पद्धत वापरा. ब्रॅडफर्डला मात्र साबणासारखी द्रव्ये, एसडीएस आणि ट्रायटन, सोसत नाहीत. बीएसएचे (तुलनेसाठी वापरायच्या गाईच्या अल्ब्युमिनचे) प्रमाण द्रावण नमुन्याच्याच बफरमध्ये करा, पाण्यात नको.

एलायझा किटच्या पत्रकात बहुधा 'सीरम व प्लाझ्मा' एवढेच लिहिलेले असते; बेडक्यासाठी ते चालते हे तुम्हीच सिद्ध करायचे. पाच-सहा नमुन्यांत माहीत असलेले शुद्ध प्रथिन मिसळा. ८० ते १२० टक्के परत मिळाले तर ठीक. मग नमुना दुप्पट, चौपट, आठपट पातळ करून बघा. गुणाकारानंतर आकडे जुळायला हवेत. पातळ करत गेल्यावर आकडा वाढत असेल तर बेडक्यातले काहीतरी मोजणी दाबते आहे. अनेक रुग्णांच्या निवळीचे मिश्रण करून त्याच्या लहान कुप्या ठेवा आणि प्रत्येक प्लेटवर एक लावा. प्लेटी बदलल्या, किटचा लॉट बदलला, तरी घसरण कुठे झाली ते त्यावरून कळते. रुग्ण आणि निरोगी हे एकाच प्लेटवर मिसळून लावा. एका प्लेटवर सगळे रुग्ण, दुसरीवर सगळे निरोगी अशी मांडणी केली तर फरक रोगाचा की प्लेटचा, हे नंतर कोणताही सांख्यिकीतज्ज्ञ सांगू शकत नाही.

इलॅस्टेजची क्रिया पॅरानायट्रोअॅनिलाइड (तुटल्यावर पिवळा रंग देणारा रेणू) जोडलेल्या पेप्टाइडने ४०५ नॅनोमीटरवर मोजता येते. एकदाच वाचन घेऊ नका. तीस मिनिटे दर मिनिटाला घ्या आणि सुरुवातीच्या सरळ रेषेचा उतार काढा. शांत काळातल्या बऱ्याच रुग्णांत मोकळे इलॅस्टेज शून्यच येते. तो प्रयोगाचा दोष आहे की खरोखर शून्य आहे, हे कळायला त्याच नमुन्यात थोडे शुद्ध इलॅस्टेज मिसळा. तेही गायब झाले तर अँटिट्रिप्सिनसारखे रोखणारे अजून शिल्लक आहे, आणि हा स्वतंत्र निष्कर्ष आहे.

एमएमपीसाठी जिलेटिन झायमोग्राफी, म्हणजे जेलमधले जिलेटिन कुठे पचले ते पाहणे, स्वस्त आणि बोलकी. १० टक्के जेलमध्ये ०.१ टक्का जिलेटिन. नमुना उकळू नका, त्यात डीटीटी किंवा मर्कॅप्टोइथेनॉल नको. जेल चालल्यावर २.५ टक्के ट्रायटनमध्ये अर्धा-अर्धा तास दोनदा धुवा, म्हणजे एसडीएस निघून प्रथिन पुन्हा घडी घालते. मग कॅल्शियम क्लोराइड असलेल्या ट्रिस बफरमध्ये ३७ अंशांवर रात्रभर. कुमासी रंग दिला की निळ्या जेलवर ९२ किलोडाल्टनला एमएमपी-९ चा आणि ७२ ला एमएमपी-२ चा पांढरा पट्टा उमटतो. जेल सगळीकडे निळेच राहिले तर आधी या बफरमध्ये ईडीटीए आला आहे का आणि कॅल्शियम घालायचे राहिले आहे का ते पाहा. 

फ्रीजर आणि रस्ता

उणे ८० च्या फ्रीजरला स्वतंत्र तापमान नोंदणी यंत्र आणि मोबाइलवर संदेश पाठवणारा अलार्म लावा. जनरेटर आहे एवढ्यावर निश्चिंत राहू नका. वीज परत आल्यावर कॉम्प्रेसर ट्रिप होऊन फ्रीजर बंद राहतो आणि रविवारी कोणाच्या लक्षात येत नाही. कुप्या १०० ते २०० मायक्रोलिटरच्याच करा आणि एकदा वितळलेली कुपी परत ठेवू नका. मार्करची शाई अल्कोहोलने पुसली जाते, म्हणून छापील क्रायो-लेबल.

मास स्पेक्ट्रोमेट्रीसाठी, म्हणजे वस्तुमानावरून एकाच वेळी शेकडो प्रथिने ओळखण्यासाठी, नमुने पुण्याला किंवा मुंबईला जातात. थर्माकोलचा जाड डबा, दिवसभराच्या प्रवासाला आठ-दहा किलो ड्राय आइस, आणि मोकळी जागा कागदाने भरलेली. डबा हवाबंद करू नका, वायूच्या दाबाने तो फुटतो; गाडीच्या काचा थोड्या उघड्या ठेवा, नाहीतर चालकाला गुदमरायला होईल. पुण्याची गाडी पहाटे काढा, चाकणची कोंडी सुरू व्हायच्या आत. २०२७ च्या सिंहस्थाच्या पर्वकाळात पाठवणी ठेवूच नका.

ड्राय आइसचा एक छुपा त्रास: ढिल्या झाकणातून कार्बन डायऑक्साइड कुपीत शिरतो आणि वितळताना नमुन्याचा पीएच खाली आणतो. रबरी रिंगचे, आट्यांचे झाकण वापरा, आणि पोचल्यावर कुप्या आधी रात्रभर उणे ८० मध्ये ठेवून मग उघडा.

मास स्पेकला पाठवायच्या कुपीत ट्रायटन किंवा ट्वीन ही साबणासारखी द्रव्ये अजिबात नकोत. आलेखातले त्यांचे शिखर बाकी सगळे झाकून टाकते. केस आणि त्वचेतले केराटिन हा दुसरा शत्रू, म्हणून हातमोजे, टोपी आणि लोकरी स्वेटर बाहेर. कोरा नमुनाही पाठवा. सापडलेल्या यादीवर एक टक्का एफडीआरची (खोट्या ओळखींच्या प्रमाणाची) चाळणी लावा आणि शेकडो प्रथिनांची तुलना करताना पी-मूल्य बेंजामिनी–हॉकबर्ग या पद्धतीने दुरुस्त करा.

संख्येचा अंदाज लॉग घेतलेल्या आकड्यांवर काढा. गटांतला फरक एका प्रमाण विचलनाएवढा अपेक्षित असेल तर ८० टक्के शक्तीसाठी (खरा फरक पकडण्याची शक्यता ८० टक्के असावी म्हणून) दर गटात १७ जण पुरतात. पाऊण असेल तर २९, अर्धा असेल तर ६४. त्यावर बेडका न निघणारे आणि स्क्वेमस पेशींमुळे बाद होणारे म्हणून किमान चौथाई जास्त घ्या. आणि प्रत्येक रुग्णाच्या दोन न उघडलेल्या कुप्या फ्रीजरच्या तळच्या कप्प्यात राखून ठेवा: लेख परीक्षणाला गेला की दुसऱ्या पद्धतीने पडताळणी मागितली जाते, आणि तोवर तो रुग्ण परत सापडत नाही.